एकदाच आलेली पाहुणी: जुन्या 'स्टार ट्रेक'मधली तुमची कोणती?

धुऱ्यावरून (घाटंजी तालुका, यवतमाळ)

मंडळी, आधी नियम, मग गोष्ट. १९६६ ते १९६९ चा मूळ 'स्टार ट्रेक', अंतराळयानातून फिरणाऱ्यांची अमेरिकन टीव्ही मालिका, कप्तान कर्क, टोकदार कानांचा परग्रहवासी स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉयवाली, एकूण ७९ भाग. त्यात एकाच भागापुरती आलेली बाई. आली, पन्नास मिनिटं राहिली, गेली. पाहुणी म्हणजे पाहुणी, रोज चुलीपाशी बसणारी नाही. त्यातली तुमच्या मनातून न गेलेली कोणती, आणि काहून?

माझी सांगतो. सध्या गव्हाला ओलित सुरू आहे आणि या आठवड्यात आमच्याकडं रात्रीची लाईन आहे. मोटार लावायची, एक सारा भरला की दांड फोडून पाणी दुसऱ्यात वळवायचं, मधल्या वेळात धुऱ्यावर पोतं टाकून बसायचं. रानडुकरं आली तर डबा वाजवायचा. एक सारा भरायला वीसेक मिनिटं लागतात. म्हणजे एक भाग अडीच साऱ्यांचा. असे दोन हिवाळ्यांत मी मोबाईलवर सगळे ७९ भाग पाहिले, काही दोनदा.

पण पहिली ओळख लहानपणची. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायचं. गावात टीव्ही एकच, पाटलांच्या ओसरीत. आम्ही पंचवीस-तीस पोरं खाली, म्हातारी माणसं बाजेवर. इंग्रजी कोणालेच येत नव्हतं. स्पॉकला आम्ही 'कानवाला' म्हणायचो आणि मॅकॉयला 'डाक्तर'. आमचा एक काका यवतमाळला कॉलेजात होता, तो सुट्टीत आला की गोष्ट समजावून सांगायचा. त्यातलं निम्मं त्याच्या मनचं असायचं हे फार उशिरा कळलं.

एका भागात कर्क आणि कानवाला जुन्या काळात जाऊन पडतात. कानवाला कान झाकायला लोकरीची टोपी घालून फिरतो. तिथं एक बाई भुकेल्या माणसांना सूप वाढते. कर्काचा जीव तिच्यावर जडतो. शेवटी ती रस्ता ओलांडायला लागते, तिकडून ट्रक येतो, आणि लाईन गेली.

लाईन आली तेव्हा दुपार झाली होती. काका म्हणाला, "वाचली ना. कर्कानं उचलली अन् यानात नेली." पस्तीसेक वर्षं मी तेच खरं धरून होतो.

मागच्या वर्षी धुऱ्यावर तो भाग लागला. 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर', ६ एप्रिल १९६७ चा, लेखक हार्लन एलिसन. बाईचं नाव ईडिथ कीलर, काम जोन कॉलिन्सचं. १९३० चं न्यूयॉर्क, मंदीचे दिवस. ती कर्काला कामावर ठेवते, तासाला पंधरा सेंट, दिवसाचे दहा तास. पुढं स्पॉक भंगारातल्या रेडिओच्या सामानातून यंत्र जोडून शोधतो की हिला मरावंच लागेल. जगली तर ती शांततेची चळवळ उभारील, अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल, तोवर जर्मनी अणुबॉम्ब बनवील. बाई चुकीची नाही, वेळ चुकीची आहे.

मला घायाळ केलं ते ट्रकनं नाही, त्याच्या आधीच्या पायऱ्यांनी. ती जिन्यावर घसरते आणि कर्क तिला सावरतो. विचार न करता, जसं आपण पोराला सावरतो तसं. वरून स्पॉक पाहत असतो. तो सांगतो, हीच तिची वेळ असू शकत होती. म्हणजे पुढच्या वेळी हात आवरायचा. आणि रस्त्यावर कर्काचा तोच हात तिला वाचवायला धावणाऱ्या डाक्तरला धरून ठेवतो.

मी तसाच बसून राहिलो. सारा भरून कधीच वाहून गेला होता. सकाळी शेजारी धुऱ्यावर उभा. "रातभर पाणी माह्या तुरीत सोडून तू काय करून रायला होता बे?" मी म्हटलं, "एक बाई मेली." तो घाबरला. "कोण?" आता त्याला काय सांगू?

तुमची सांगा.

वाचनालयातली (दारव्हा तालुका)

दादा, ईडिथ सगळ्यांचीच असते, म्हणून मी तिला हात लावत नाही. माझी टी'प्रिंग. 'अमोक टाईम', १५ सप्टेंबर १९६७, काम आर्लीन मार्टेलचं. संवाद इनमीन पाच-सहा, पण सगळा भाग तीच पळवते.

स्पॉकच्या व्हल्कन लोकांत सात वर्षांच्या पोरापोरींना बांधून टाकतात. स्पॉक सांगतो की हे लग्नाहून कमी आणि सोयरिकीहून जास्त. म्हणजे आपलं साक्षगंधच की! माझ्या आजीचं नवव्या वर्षी झालं होतं, नवरा कसा दिसतो हे तिनं बाराव्या वर्षी पाहिलं. तर टी'प्रिंगचा नवरा स्पॉक, तो अंतराळात, तिथं त्याचं मोठं नाव, आणि हिला नावाजलेल्या माणसाची बायको होऊन राहायचं नाही. मनात स्टॉन नावाचा दुसराच. ऐन विधीत ती आव्हानाचा हक्क मागते, आणि स्टॉनला पुढं न करता बोट दाखवते कर्काकडं. दोन जिवलग मित्र एकमेकांचा जीव घ्यायला उभे!

नंतर ती कारण सांगते ते मी तीनदा मागं नेऊन ऐकलं. कर्क जिंकला तर त्याला मी नकोच असणार, मग स्टॉन आहे. स्पॉक जिंकला तर आव्हान दिलं म्हणून तो मला सोडील, मग स्टॉन आहे. नाही सोडलं तरी तो जाणारच अंतराळात, त्याचं नाव आणि त्याची इस्टेट माझी, आणि स्टॉन आहेच. आमच्या वाचनालयात ज्या बायका फारकतीचे कागद वाचून घ्यायला येतात, त्यांना असं चारी बाजूंनी बंद करून बोलता आलं असतं तर निम्मे वकील घरी बसले असते.

लोक तिला दुष्ट म्हणतात. सात वर्षांच्या पोरीला कोणी विचारलं होतं का, हे कोणी म्हणत नाही.

आणखी एक. 'ऑल अवर येस्टरडेज'मधली झाराबेथ आणि 'इज देअर इन ट्रुथ नो ब्युटी'मधली आंधळी डॉक्टर मिरांडा जोन्स, या दोन्ही पाहुण्या एकाच बाईच्या लेखणीतून आल्या. जीन लिसेट अरोस्ट, विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करणारी ग्रंथपाल. म्हणूनच असेल, झाराबेथच्या भागात जगबुडीच्या दिवशी उघडी असलेली शेवटची जागा म्हणजे ग्रंथालय, आणि ग्रंथपालाचं नाव ॲटोझ, म्हणजे ए टू झेड. तो शेवटपर्यंत कपाटं सोडत नाही. माझ्याकडं पाऊस गळायला लागला की मला त्याची आठवण येते.

रविवार_सकाळ

उहुरा! दुसरं नाव घ्यायची गरजच नाही.

धुऱ्यावरून

भाऊ, नियम वाचा. उहुरा कर्काच्या यानावरचीच, घरची आहे. तिचं काम करणारी निशेल निकोल्स मालिका सोडून चालली होती तेव्हा मार्टिन ल्यूथर किंगनी तिला थांब म्हटलं, अन् ती थांबली. थांबली म्हणूनच ती पाहुणी नाही.

काळा_हिरा (वणी)

माझी पाहुणी बाई आहे का हे तुम्ही ठरवा. 'द डेव्हिल इन द डार्क', ९ मार्च १९६७. होर्टा.

मी कोळशाच्या खाणीत मायनिंग सरदार. पाळी सुरू व्हायच्या आधी छताला सळईनं ठोकून आवाज ऐकणं हे माझं काम. भरीव वाजलं तर माणसं आत, पोकळ वाजलं तर बाहेर. वर दगड, खाली दगड, टोपीवरच्या दिव्यापुरता उजेड. म्हणून हा भाग मला 'कल्पित' वाटलाच नाही. जेनस सहा नावाच्या ग्रहावर खाण, पन्नासच्या वर माणसं मेलेली, खाली काहीतरी आहे जे दगडातून लोण्यासारखं जातं. कामगार म्हणतात मारा. मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं, खोटं कशाला बोलू.

मॅनेजरच्या टेबलावर एक गोल दगड शोभेला ठेवलेला असतो. स्पॉक तो पाहतो, तुम्हीही पाहता, अन् विसरता. खालच्या गाळ्यात असे हजारो गोळे सापडलेले असतात, कामगारांनी कितीतरी फोडलेले. ती तिची अंडी असतात. पन्नास हजार वर्षांनी एकदा सगळे होर्टा मरतात, एकच मागं राहते, पुढच्या सगळ्यांची आई म्हणून. आपण तिच्या बाळंतिणीच्या खोलीत सुरुंग लावून रायलो होतो, हे मॅनेजरला कळतं तेव्हा त्याचं तोंड पाहा.

स्पॉक आपलं मन तिच्या मनाला जोडून तिच्या डोक्यात शिरतो, तेव्हा जखमी होर्टा दगडावर तीन इंग्रजी शब्द कोरते, 'नो किल आय'. मला मारू नका, की मी मारणार नाही, हे स्पॉकलाही कळत नाही. आतमध्ये यानोस प्रोहास्का नावाचा माणूस रबरी गालिचा पांघरून रांगत होता, दिसतंही तसंच. तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

माझ्या घरी टीव्हीवर एक दगड आहे. खाणीतून आणलेला, त्यावर पानाचा ठसा. ग्लॉसॉप्टेरिस म्हणतात, पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचं पान. बारा वर्षं तिथंच आहे. त्या रात्री मी उठून तो उलटा करून पाहिला. बायको म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही, दगडच आहे.

वाचनालयातली

होर्टा चालेल. आई आहे म्हणजे बाई आहे. शिवाय तिला माणसं ओंगळ दिसतात पण स्पॉकचे कान आवडतात, एवढी पारख पुरे.

धुऱ्यावरून

वणीकर भाऊ, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही.

आमच्याकडं राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात टी-१ वाघीण होती, लोक अवनी म्हणायचे. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीनं मेली, मागं दोन बछडे. त्या काळात मी जागलीला गेलो नाही. तूर डुकरांनी खाल्ली, खाऊ दिली. पऱ्हाटी वेचायला बायका गेल्या की चार माणसं काठ्या घेऊन धुऱ्यावर उभी. शहरातून लोक म्हणायचे, ती आई आहे. आमच्याकडं कोणी म्हणायचं, मेला तोही कोणाचा बाप होता. दोघंही खरंच बोलून रायले होते, अन् मधात उभा राहून दोघांच्या डोक्यात शिरणारा स्पॉक कोणी नव्हता.

होर्टा मला आवडते. ती दगडाची आहे आणि माझ्या वावरापासून लय लांब आहे, हेही त्यात धरा.

निवृत्त_गुरुजी (रिसोड)

माझं मत रोम्युलन, म्हणजे कर्काच्या शत्रूपक्षाच्या, सेनानीबाईला. 'द एंटरप्राइझ इन्सिडंट', १९६८, काम जोआन लिनव्हिलचं, लेखन डी. सी. फोन्टाना यांचं. त्याही बाईच, डोरोथी नाव, पण अद्याक्षरांनी लिहायच्या. सेनानीच्या हाताखाली तीन जहाजं. स्पॉक तिला बोलण्यात गुंतवतो आणि कर्क तिच्या जहाजाला अदृश्य करणारं यंत्र पळवतो. फसली, पण रडली नाही, आरडाओरडा केला नाही. इतक्या मोठ्या हुद्द्याच्या बाईचं नाव मात्र शेवटपर्यंत आपल्याला कळत नाही. ती स्पॉकच्या कानात सांगते, तो म्हणतो सुंदर आहे, आणि आपण बसतो कान टवकारून. ३१ वर्षं शाळेत हजेरी घेतली, म्हणून मला हे फार लागतं.

धुऱ्यावरून

गुरुजी, हे पाहताना माझी माय बाजूला होती. घरी लाईन नव्हती, ती अंगणात बाजेवर, मी मोबाईल धरून. तिला गोष्ट मी सांगत होतो, काकासारखी मनची नाही, खरी. नाव कानात सांगितलं तिथं ती म्हणाली, "बरं केलं तिनं. सगळ्याईले कायले सांगाचं?"

बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर तिचं नाव चढवायला गेलो होतो. साठ वर्षं गाव तिला 'गोविंदाची माय' म्हणतं, गोविंदा माझा थोरला भाऊ. कार्यालयातल्या माणसानं नाव विचारलं. ती माझ्याकडं पाहायला लागली, मी सांगावं म्हणून. मी गप्प राहिलो. मग तिनं पदर सारखा केला अन् इतक्या हळू सांगितलं की त्याला खुर्चीतून पुढं वाकावं लागलं.

ईडिथचा भागही तिला दाखवला. ट्रकच्या जागी मी मोबाईल बंद करणार होतो, काकाचंच खरं राहू द्यावं म्हणून. तिनं हात धरला. "पाहू दे. मले ठाऊक हाये ती मेली. त्या दिवशी लाईन गेली तवाच समजलं होतं."

मी विचारलं, मग तेव्हा सांगितलं काहून नाही?

"तू जेवत नव्हता," म्हणाली.

लाईन आली वाटतं, मोटारीचा आवाज येऊन रायला. दुसरा सारा कोरडा आहे, दांड फोडून येतो. झाराबेथबद्दल कोणी सविस्तर लिहा, तो भाग मी रानडुकरांच्या पायी अर्धाच पाहिला.