फिरती चकरी : स्लो नेटवर व्हिडिओ बघण्या-पाठवण्याचे किस्से सांगा

काल भाचा वैतागला, "मावशी, व्हिडिओ दोन सेकंद अडकला!" मला २००७ आठवलं. घरी २५६ केबीपीएसचं ब्रॉडबँड. रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट, एरवी एमबी मोजून. अमेरिकेतल्या काकांनी मुंजीचा व्हिडिओ चढवून ठेवला होता, ७०० एमबीचा. बाबा पावणेदोनचा गजर लावून उठले. पण २५६ हे किलोबिट! आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागलं की सेकंदाला ३२ किलोबाइट (केबी), म्हणजे सहा तासांत जेमतेम पावणेसातशे एमबी, तेही लाइन शहाण्यासारखी वागली तर. आठ वाजता शेपूट उरलंच होतं. बाबा म्हणाले, "होऊ दे आता", आणि मॉडेम तसाच ठेवून आंघोळीला गेले. तो रात्रीपर्यंत चालू. बिल आल्यावर आईने अडॅप्टर तूरडाळीच्या डब्यात लपवला.

तुमचेही येऊ द्या.

ओसरीवरून : आमचं उलटं. बघायचं कसंबसं जमे, चढवायचं म्हणजे विहिरीतून घागर ओढणं. एडीएसएलला, म्हणजे फोनच्या तारेवरून येणाऱ्या नेटला, चढायचा वेग मुळातच कमी. जत्रेतल्या दशावताराचा व्हिडिओ दुबईतल्या मुलाला पाठवायचा होता. ९५ टक्क्यांवर गेला आणि पाऊस आला. खांबावरच्या जॉइंटात पाणी शिरलं, फोनवर खरखर, नेट गुल. पुन्हा शून्यापासून. मुलगा रोज विचारी, "बाबा, व्हिडिओ खंय?" शेवटी गावच्या माणसाबरोबर पेन ड्राइव्ह धाडला.

पॉजवाला : युट्यूब लावायचं, पॉज करायचं, जेवून यायचं. तोवर पट्टी भरलेली. चुकून रिफ्रेश दाबलं तर घरात शिव्या. आता पॉज केलं तरी थोडंसंच पुढचं उतरवतं, ती सोयही गेली.

दोन लेकरांची आई : २०२०. दोन मुलं, दोन ऑनलाइन वर्ग, एक हॉटस्पॉट. त्यात शाळेला लेकीच्या नाचाचा व्हिडिओ हवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून. मर्यादा १६ एमबीची. दाबून दाबून तीन एमबीचा केला. बाईंचा मेसेज आला : "छान! पण ही कुठली?" धाकटा मागे उड्या मारत होता. त्या ठिपक्यांत कोण कोण, मलाही सांगता येईना.

पॉजवाला : @धागाकर्ती, बाबांचा गजर अजून लागतो का?

धागाकर्ती : गरजच नाही. दोनपर्यंत मोबाइलवर जागेच असतात.