राइड चालवताना मागून गाडीने ठोकलं, पुढे काय करू?

प्रेषक: ओंकार

नमस्कार मंडळी,

मी इथे कॅलिफोर्नियात उबर-लिफ्टसारख्या अ‍ॅपवर भाड्याच्या राइड चालवतो. काल रात्री साडेनऊच्या सुमाराला सिग्नलला थांबलो होतो आणि मागच्या गाडीने ठोकलं. ट्रिप चालू होती, मागच्या सीटवर एक बाई होत्या. कुणाला खरचटलंसुद्धा नाही म्हणून पोलिसांना बोलावलं नाही. दोन्ही गाड्या बाजूला घेतल्या, ठोकणाऱ्याच्या लायसन्सचे, नंबर प्लेटचे आणि इन्शुरन्स कार्डाचे फोटो काढले. पॅसेंजरबाई दुसरी गाडी बोलावून निघून गेल्या. गडबडीत मी त्या माणसाला दोनदा ‘सॉरी’ही म्हणालो.

आज सकाळी मान डावीकडे वळत नाहीये. राइडवाल्या कंपनीला अजून कळवलेलं नाही. माझ्या स्वतःच्या इन्शुरन्स कंपनीला तर मी राइड चालवतो हेच माहीत नाही. रूममेट म्हणतो, अ‍ॅप बंद होतं असं सांगून मोकळा हो, क्लेम सरळ पास होईल. मला ते पटत नाहीये, पण गाडी बंद पडली तर भाडं कसं भरायचं हेही कळत नाहीये. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

ओंकार

—

प्रेषक: श्रीकांत

ओंकार,

आधी डॉक्टरकडे जा, बाकीचं परत आल्यावर वाच. मागून धक्का बसला की मान झटक्याने मागे-पुढे होते, स्नायू ताणले जातात आणि दुखणं बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सुरू होतं. हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर वाटत असतील, गरगरत असेल किंवा उलटी झाली असेल तर थेट इमर्जन्सीत. आणि नुसतं ‘मान दुखते’ म्हणू नकोस. किती वाजता, गाडीत कुठे बसला असताना, कुठून धक्का बसला ते सांग आणि कागदावर तसं लिहिलंय ना ते बघ. माझा अपघात झाला तेव्हा मी आठ दिवस दुखणं अंगावर काढलं. नंतर समोरच्याच्या अ‍ॅडजस्टरने (त्याच्या इन्शुरन्स कंपनीच्या, क्लेम तपासणाऱ्या माणसाने) पहिलाच प्रश्न केला, इतकं दुखत होतं तर आठ दिवस डॉक्टरकडे का गेला नाहीत? माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

तुझ्याकडे डॅशकॅम (गाडीत लावलेला कॅमेरा) आहे का? असेल तर आत्ता खाली जा आणि कार्ड काढून घे. कार्ड भरलं की जुन्यावरच नवं रेकॉर्डिंग चढतं. आणखी दोन-तीन शिफ्ट चालवल्यास तर कालचं काही उरणार नाही.

मग अ‍ॅप उघड. त्या ट्रिपचं पान, रिक्वेस्ट घेतल्याची वेळ, पॅसेंजर बसल्याची वेळ, वेबिल (चालू ट्रिपची नोंद), सगळ्याचे स्क्रीनशॉट काढ आणि स्वतःलाच मेल करून ठेव. पॅसेंजरचं आपल्याला फक्त पहिलं नाव दिसतं, फोन नंबरही खरा नसतो, त्यामुळे त्यांना तू शोधू शकणार नाहीस. कंपनीकडे त्यांची माहिती आहे. म्हणून कंपनीला कळवताना ‘मागे पॅसेंजर बसल्या होत्या, त्यांनी सगळं पाहिलंय’ हे वाक्य आवर्जून लिही.

आता जे तुला कुणी सांगणार नाही ते सांगतो. कळवलंस की काही दिवस तुझं खातं थांबवलं जाऊ शकतं. गाडी चालवण्याजोगी आहे याचे फोटो, कधी दुरुस्तीची पावती मागतात. माझं खातं बारा दिवस बंद होतं. हप्ता डोक्यावर होता, हे बारा दिवस मला अजून आठवतात. याच धास्तीने कितीतरी ड्रायव्हर कळवतच नाहीत. तरी मी सांगतो, आजच कळव. उशिरा कळवलेल्या अपघातावर कुणीही शंका घेतं. आणि गेल्या तीन महिन्यांची दर आठवड्याच्या कमाईची स्टेटमेंट उतरवून घे. दुसऱ्याच्या चुकीमुळे बुडालेली कमाई मागायची तर आधी काय कमवत होतास ते दाखवावं लागतं.

गाडीबद्दल एक. बंपर बाहेरून धड दिसतोय म्हणून निश्चिंत राहू नकोस. वरचं प्लास्टिक दबतं आणि पुन्हा जागेवर येतं, आतली धातूची पट्टी मात्र वाकलेली राहते. ट्रंकमधलं कार्पेट उचल. स्पेअर टायर बसतो त्या खोलगट पत्र्याला सुरकुती पडली असेल तर धक्का आतपर्यंत गेलाय.

श्रीकांतकाका

—

प्रेषक: वैशाली

नमस्कार,

श्रीकांतकाकांनी महत्त्वाचं सगळं सांगितलंच आहे. मी इन्शुरन्स क्लेमचं काम करते, म्हणून ओंकारच्या रूममेटच्या सल्ल्याबद्दल लिहिते.

ओंकार, असलं काही चुकूनही सांगू नकोस. तू कुठल्या मिनिटाला लॉग-इन होतास, रिक्वेस्ट कधी घेतलीस, सगळ्याची नोंद आहे. अपघाताच्या वेळी ड्रायव्हर अ‍ॅपवर होता का, ही माहिती संबंधितांना देणं कॅलिफोर्नियात कंपनीला कायद्यानेच भाग आहे. खोटं उघडं पडलं की क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते, आणि पुढे कुठेही नवी घेताना ते मागे लागतं. तुझ्या बाबतीत तर खोटं बोलायची गरजही नाही. पैसे मागायचे ते समोरच्याच्या कंपनीकडे, त्याने थांबलेल्या गाडीला मागून ठोकलंय.

आपल्या सगळ्यांनीच हे एकदा समजून घ्यायला हवं, कारण मंडळातली बरीच मुलं संध्याकाळी गाडी चालवतात. अ‍ॅप बंद असेल तर तुमची घरची, म्हणजे गाडीची स्वतःची पॉलिसी. अ‍ॅप चालू, पण रिक्वेस्ट घेतलेली नाही, तर दुसऱ्यांना झालेल्या इजेसाठी माणशी ५०,००० डॉलर, एका अपघाताला १,००,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीला ३०,००० एवढं किमान संरक्षण इथल्या कायद्याने ठरवलंय. रिक्वेस्ट घेतल्या क्षणापासून शेवटचा पॅसेंजर उतरेपर्यंत ते १० लाख डॉलर होतं. उबर असो वा लिफ्ट, हे सारखंच. त्यामुळे अपघाताच्या क्षणी अ‍ॅप कुठल्या अवस्थेत होतं, यावर पुढचं सगळं ठरतं. काकांनी स्क्रीनशॉट काढायला सांगितले ते त्यासाठीच.

पण हे १० लाख तुझ्या चुकीने दुसऱ्यांचं नुकसान झालं तर त्यांच्यासाठी. तुला ठोकणाऱ्याकडे इन्शुरन्सच नसेल किंवा तोकडा असेल, तर तुझ्या इजेसाठी जे वेगळं संरक्षण आहे ते २०२६पासून कमी झालंय. पॅसेंजर गाडीत असताना पूर्वी तेही १० लाख होतं, आता माणशी ६०,००० आणि एका अपघाताला ३,००,०००. जुने लेख वाचून गाफील राहू नका. समोरच्याची किमान पॉलिसी इथे माणशी ३०,००० चीच असू शकते. इमर्जन्सी आणि एमआरआयच्या बिलांत ती बघता बघता संपते. तुमच्या स्वतःच्या पॉलिसीत राइडशेअरची जोड, म्हणजे भाड्याने राइड चालवतानाचं जादा संरक्षण, घेतली नसेल तर घ्या. तीच कंपनी देत नसेल तर देणारी शोधा.

उपचारांसाठी आणखी एक दार आहे आणि ते पुष्कळांना माहीतच नसतं. २०२०च्या प्रॉपोझिशन २२ (मतदारांनी मंजूर केलेला कॅलिफोर्नियाचा कायदा) खाली, अ‍ॅपवर काम करताना झालेल्या दुखापतीसाठी कंपनीला ड्रायव्हरचा अपघात विमा घ्यावा लागतो. चूक कुणाची हे त्यात बघत नाहीत. वैद्यकीय खर्च १० लाख डॉलरपर्यंत, आणि काम बंद पडलं तर सरासरी कमाईच्या ६६ टक्के. याचा क्लेम वेगळा करावा लागतो, गाडीच्या क्लेमबरोबर तो आपोआप होत नाही.

डीएमव्हीला (इथल्या वाहन खात्याला) एसआर-१ हा अपघात कळवायचा फॉर्म १० दिवसांत जायला हवा. कुणालाही इजा झाली असेल किंवा नुकसान १,००० डॉलरच्या वर असेल तर चूक कुणाचीही असो, भरावाच लागतो. तुझी मान दुखतेय म्हणजे इजा झालीय, आणि पोलिस आलेच नव्हते. त्यामुळे पोलिसांकडेही आजच लेखी रिपोर्ट दे. त्याला मुदत २४ तासांची आहे.

समोरच्याच्या कंपनीचा फोन येईल, फार गोड बोलतील, ‘रेकॉर्डेड स्टेटमेंट’ मागतील. ते द्यायला तू बांधलेला नाहीस. नाव, तारीख, जागा सांग आणि ‘उपचार चालू आहेत, नंतर बोलू’ म्हण. सही मात्र कशावरच नको. इजेचा दावा कोर्टात न्यायला साधारणपणे २ वर्षं असतात, गाडीच्या नुकसानीला ३. घाई त्यांना असते, तुला नाही.

‘सॉरी’चं मनाला लावून घेऊ नकोस. सहानुभूती म्हणजे कबुली नव्हे. ‘माझी चूक झाली’ असं म्हणाला नाहीस ना, मग झालं.

वैशाली

—

प्रेषक: केतन

वैशालीताई, एक विचारतो. अ‍ॅप चालू आहे, रिक्वेस्टची वाट बघत पार्किंगमध्ये उभा आहे आणि माझ्याच चुकीने मी खांबाला ठोकलं, तर माझ्या गाडीचं काय?

—

प्रेषक: वैशाली

केतन, त्या वेळात कंपनीकडून तुझ्या गाडीच्या दुरुस्तीला काही मिळेल असं धरून चालू नकोस. घरची पॉलिसीही ‘भाड्याने चालवत होतात’ म्हणून हात वर करू शकते. दोघांच्या मधली हीच ती फट, आणि राइडशेअरची जोड घ्यायची ती यासाठीच. ट्रिपवर असताना कंपनी गाडीचं नुकसान भरते, पण तेही तुझ्या स्वतःच्या पॉलिसीत कोलिजन (धडकेत आपल्याच गाडीच्या नुकसानीचं संरक्षण) असेल तरच. शिवाय डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, घरच्या पॉलिसीपेक्षा बरंच जास्त असतं, बहुतेकदा २,५०० डॉलर. तेवढी रक्कम बाजूला आहे का, हे आजच बघून ठेव.

—

प्रेषक: ओंकार

काका, ताई, मनापासून आभार. डॉक्टरांनी हाड शाबूत आहे सांगितलं, स्नायू ताणलेत, कॉलर आणि दोन आठवडे विश्रांती. कागदावर वेळ आणि अपघाताचं वर्णन लिहून घेतलं. पोलिसांना रिपोर्ट दिला. राइडच्या कंपनीला कळवलं आणि दीड तासात खातं थांबलं, काकांनी सांगितलं होतं म्हणून धक्का बसला नाही. माझ्या इन्शुरन्सवाल्यांना खरं ते सांगितलं. पुढच्या महिन्यापासून पॉलिसीचा हप्ता वाढेल म्हणाले, पण राइडशेअरची जोड द्यायला तयार आहेत. एसआर-१ आज रात्री भरतो.

डॅशकॅमचं कार्ड मिळालं. ठोकल्याचा आवाज आहे, त्यानंतर त्या बाई मला विचारताहेत, ‘तू ठीक आहेस ना?’ मला हे अजिबात आठवत नव्हतं.

कार्पेट उचललं. पत्र्याला एक आडवी रेघ दिसतेय. ती सुरकुती की मुळातलीच घडी, कळत नाही.

—

प्रेषक: श्रीकांत

शनिवारी दहा वाजता गाडी माझ्याकडे आण. मान आखडलेली असताना तू चालवू नकोस, केतनला घेऊन ये. ट्रंक रिकामी कर आणि स्पेअर टायर काढूनच ठेवायला सांग त्याला. उजेडात बघू, आणि मग दुरुस्तीवाल्याला अंदाजपत्रकात ते लिहायला लावू.