बिझेनच्या साके पेल्याला ग्लेझ नाही, गळेल का?

प्रश्न: बिझेनचा (जपानमधल्या बिझेनची मातीची भांडी) गुइनोमी, म्हणजे साके या तांदळाच्या दारूचा छोटा पेला घेतलाय, ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप अजिबात नाही आणि अंगावर लालसर पट्टे आहेत, ते रंगवलेत का? आणि साके झिरपणार तर नाही ना?

उत्तर: रंग नाही हो तो! भाताचा पेंढा गुंडाळून भाजतात, जिथे पेंढा टेकतो तिथे माती लाल होते, हिदासुकी म्हणतात. पाइनच्या लाकडावर भट्टी आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त चालते, माती घट्ट होते, सहसा गळत नाही.

उत्तर: हागीचं, म्हणजे जपानमधल्याच हागीच्या भांड्यांचं मात्र उलटं. माती सच्छिद्र, ग्लेझला बारीक तडे, त्यात चहा मुरतो आणि वाडग्याचा रंग वर्षानुवर्षं बदलत जातो, चहाचे शौकीन त्यासाठीच तर जीव टाकतात. नवीन असताना थोडं पाझरतं, चालायचंच.

उत्तर: वापरायच्या आधी पाण्यात बुडवा, आणि नीट वाळल्याशिवाय लाकडी डब्यात अजिबात ठेवू नका, बुरशी धरते.