मदत हवी आहे : उत्तर बरोबर असूनही सिद्धतेचे गुण जातात

विषमसंख्या
नमस्कार. मी इंदूरचा असून अकरावीत शिकतो. येत्या रविवारी परीक्षा आहे आणि आज बुधवार आहे, त्यामुळे कृपया लवकर उत्तर द्यावे. काल झालेल्या सराव परीक्षेत ज्या प्रश्नाबद्दल मला पूर्ण खात्री होती, त्यालाच दहापैकी दोन गुण मिळाले. तपासणाऱ्या सरांनी समासात दोन ठिकाणी नुसते ‘का?’ असे लिहिले आहे, आणि विचारायला गेलो तर ‘तूच शोध’ म्हणाले. सगळे बरोबर असताना गुण का जातात आणि उरलेल्या तीन दिवसांत मी काय करावे?

राजवाडा_ते_सराफा
परीक्षा कोणती? शाळाशाळांतून शुल्क भरून ज्या ‘ऑलिंपियाड’ होतात, त्यांत चार पर्यायांपैकी एक गोळा काळा करायचा असतो. तिथे सिद्धतेचा प्रश्नच येत नाही. माझ्या मुलाकडे अशी तीन पदके आहेत आणि अपूर्णांकांचा भागाकार त्याला अजून जमत नाही.

पीसीएम_९८
स्पष्ट सांगतो, राग मानू नका. अकरावीचे वर्ष पुन्हा येत नाही आणि जेईईत सिद्धता कोणी विचारत नाही. भंवरकुआं भागात एखादी चांगली शिकवणी लावा, माझ्या पुतण्याला तिचा फार उपयोग झाला.

विषमसंख्या
काका, मी शिकवणीबद्दल विचारलेले नाही. आयओक्यूएम, म्हणजे गणित ऑलिंपियाडची पहिली पात्रता परीक्षा, सप्टेंबरमध्ये होऊन गेली, म्हणजे नोव्हेंबरमधली ही परीक्षा आरएमओच, तिच्या पुढची प्रादेशिक फेरी, असणार. हे वेगळे सांगावे लागेल असे मला वाटले नव्हते. आयओक्यूएममध्ये ३० प्रश्न होते आणि प्रत्येकाचे उत्तर ० ते ९९ मधला एक पूर्णांक. तो कसा काढला हे तिथे कोणी विचारत नाही, त्यामुळे लहान संख्या घालून पाहून अंदाज बांधण्याची माझी सवय तिथे खपून गेली. आरएमओत तीन तासांत ६ प्रश्न सोडवायचे असतात आणि प्रत्येकाची पूर्ण मांडणी लिहावी लागते.

जुना_परीक्षार्थी
आता प्रश्न आणि तुम्ही लिहिलेले उत्तर, दोन्ही जसेच्या तसे इथे उतरवा. त्याशिवाय कोणीही दिलेला सल्ला हवेतलाच ठरेल.

विषमसंख्या
प्रश्न : क्ष हा कोणताही धन पूर्णांक असल्यास क्षच्या पाचव्या घातातून क्ष वजा करून येणाऱ्या संख्येला ३० ने निःशेष भाग जातो, हे सिद्ध करा.
माझे उत्तर : ० ते ९ यांचे पाचवे घात ०, १, ३२, २४३, १०२४, ३१२५, ७७७६, १६८०७, ३२७६८, ५९०४९ असे आहेत. प्रत्येकाचा एकक अंक मूळ अंकाइतकाच आहे, म्हणून वजाबाकीला १० ने भाग जातो. दिलेल्या राशीत क्ष−१, क्ष आणि क्ष+१ हे तीन क्रमागत अवयव आहेत, म्हणून ३ नेही भाग जातो. म्हणून ३० ने भाग जातो.

विगमनप्रेमी
ही सिद्धता नव्हे, ही दहा उदाहरणे झाली. अशा ठिकाणी गणिती विगमनच वापरावे, म्हणजे एका संख्येसाठी खरे असल्यास पुढच्या संख्येसाठीही खरे ठरते असे दाखवावे. क्ष+१ साठीच्या राशीतून क्षसाठीची राशी वजा केली की ५ गुणिले क्ष गुणिले (क्ष+१) गुणिले (क्षचा वर्ग अधिक क्ष अधिक १) एवढे उरते आणि काम संपते.

जुना_परीक्षार्थी
काम संपत नाही. तुमच्या उरलेल्या राशीला ३ ने भाग जातो हे दाखवायला क्षला ३ ने भागून येणाऱ्या बाकीचे तीन प्रकार तपासावेच लागतात, म्हणजे विद्यार्थ्याने जे केले तेच तुम्ही मागच्या दाराने आणले आहे. त्याची कल्पना बरोबर आहे. राहिली आहेत ती दोन वाक्ये, आणि सरांचे दोन ‘का?’ नेमके तिथेच असावेत.

कोष्टक ० ते ९ चे आहे, मग ४७ चे काय? ख हा क्षचा एकक अंक आणि क ही त्याच्या डावीकडची संख्या मानून क्ष = १०क + ख लिहा. पाचवा घात विस्तारला की खचा पाचवा घात सोडून प्रत्येक पदात १० हा अवयव असतो. एवढे लिहिले की तीच दहा उदाहरणे दहा प्रकार होतात आणि त्यांबाहेर एकही संख्या उरत नाही. दुसरे, १० ने आणि ३ ने भाग जातो म्हणून ३० ने जातो, हे कशावरून? १२ ला ४ ने जातो, ६ नेही जातो. २४ ने जातो का?

मी स्वतः १९९०च्या दशकात या परीक्षेला बसलो होतो. भूमितीच्या प्रश्नात आकृती इतकी सुबक काढली होती की चार बिंदू एका वर्तुळावर आहेत हे दिसतच होते. ते सिद्ध करायचे राहून गेले आणि प्रश्न हातचा गेला. तुमचेही तसेच होते आहे. जे उघड वाटते ते तुम्ही लिहीत नाही. इथेसुद्धा परीक्षेचे नाव विचारून घ्यावे लागले. या तीन दिवसांत नवी प्रमेये पाठ करू नका. सोडवून झालेली जुनी उत्तरे काढा आणि प्रत्येक ‘म्हणून’पाशी थांबून त्याचे कारण लिहा.

विषमसंख्या
आभारी आहे. सुधारलेले लिहितो : क्ष = १०क + ख, पाचव्या घातात उरलेल्या सर्व पदांत १० हा अवयव आहे, म्हणून ० ते ९ तपासणे पुरेसे आहे. १० आणि ३ सह-अभाज्य असल्यामुळे, म्हणजे १ शिवाय त्यांचा सामाईक विभाजक नसल्यामुळे, ३० ने भाग जातो.

शुद्धलेखन_पुणे
मराठीत ‘सहमूळ’ म्हणतात. ‘अभाज्य’ हा हिंदी पाठ्यपुस्तकातला शब्द आहे.

राजवाडा_ते_सराफा
इथल्या मुलांनी गणित हिंदीत आणि इंग्रजीत शिकायचे आणि मराठी घरी बोलायची, असे आमचे आहे. शब्द कोणताही लिहिला तरी भाग तितकाच जातो.

विषमसंख्या
आज सरांना सुधारलेले उत्तर दाखवले. त्यांनी दोन्ही ‘का?’ खोडले आणि पहिल्या ओळीशेजारी लिहिले : ‘क आणि ख म्हणजे कोण?’