जर्मनमध्ये "मला" म्हणजे मिश का मीर?

खानापूरकर: बेळगावातच जर्मनची ए१ म्हणजे पहिली पातळी शिकालोय, पण सर्वनामं डोक्यात बसंनात. मराठीत "तो मला बघतो" आणि "तो मला मदत करतो" दोन्हीकडं मलाच, जर्मनमध्ये मात्र एर झीट मिश आणि एर हिल्फ्ट मीर. कुठं काय येतंय ते कसं ओळखायचं ओ?

शहापूरची ताई: कन्नड येतंय की तुम्हाला? मग निम्मं काम झालं. नन्नन्नु तिथं मिश, ननगे तिथं मीर. "नन्नन्नु नोडुत्ताने" (मला बघतो) आणि "ननगे सहाय माडुत्ताने" (मला मदत करतो) म्हणून बघा, आपल्या भागातल्या पोरांना हे आयतं मिळालंय. पण सगळीकडं जुळत नाही, "तो मला फोन करतो" ला कन्नडमध्ये ननगे फोन माडुत्ताने आणि जर्मनमध्ये एर रूफ्ट मिश आन, त्यामुळं हेल्फेन (मदत करणं), डांकेन (आभार मानणं), गेफालेन (आवडणं) ह्यांच्यासोबत मीर, डीर (तुला), ईम (त्याला) हे पाठच करा. मिट (सोबत), फॉन (कडून), त्सू (कडे), बाय (जवळ) नंतर पण मीर, फ्यूर (साठी) आणि ओने (शिवाय) नंतर मिश.

निपाणीकर: ताईंचं बरोबर आहे. अजून एक, वस्तूला सरसकट एस (ते) म्हणू नका. टेबल पुल्लिंगी, डेर टिश, म्हणून तो एर, आणि "मी तो विकत घेतो" ला इश काउफे ईन. इंग्रजीतून विचार केला की इथं अडकतंय, आपण दरवाजाला तो आणि खिडकीला ती म्हणतोच की, फक्त लिंग जर्मनचं धरायचं, दरवाजा तिकडं डी ट्यूर म्हणजे ती.

खानापूरकर: लई भारी! आणि सरांना डू (तू) चालतंय का?

शहापूरची ताई: नको, झी (तुम्ही) म्हणा, पहिलं अक्षर कॅपिटल आणि क्रियापद अनेकवचनी, आपल्या तुम्हीसारखंच. त्यांनी स्वतः डू म्हण म्हटलं तरच डू.