उन्हाळ्यात डेस्कटॉपच्या पंख्यांचा आवाज कसा कमी करावा?

प्रश्न (महाल, नागपूर)

नमस्कार. मी बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी भौतिकशास्त्राचे पाठ घरीच ध्वनिमुद्रित करतो. हिवाळ्यात संगणकाचा आवाज जाणवतही नाही. पण एप्रिल लागला की कॅबिनेटमधले पंखे असे घोंघावू लागतात की माझ्या बोलण्यामागे सतत घरघर ऐकू येते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी खोलीतला कूलर आणि छताचा पंखा बंद ठेवावेच लागतात आणि नेमका त्यानंतर थोड्याच वेळात संगणकाचा आवाज चढतो. संगणक जुना आहे, प्रोसेसरवर त्याच्यासोबत आलेलाच पंखा आहे आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. सीताबर्डीवरील एका दुकानात सगळे पंखे बदलण्याचा सल्ला मिळाला. खर्चाला माझी ना नाही, परंतु त्याने नेमके काय साधेल, हे आधी समजून घ्यायचे आहे.

उत्तर (धरमपेठ)

सर, पंखे बदलण्याची घाई करू नये. पंख्याचा वेग मदरबोर्ड प्रोसेसरच्या तापमानानुसार ठरवतो आणि हवेने थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या तापमानाखाली कधीच जाऊ शकत नाही. समजा, एखाद्या कामात तो खोलीपेक्षा 40 अंशांनी अधिक तापत असेल, तर 25 अंशांच्या खोलीत तो 65 वर राहील, पण कूलर बंद केलेल्या 40 अंशांच्या खोलीत थेट 80 वर जाईल. म्हणजे काम तेच असूनही नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पंखा जिवाच्या आकांताने फिरणारच. तेव्हा ही 40 अंशांची तफावत कमी करणे, हे खरे काम आहे.

त्यासाठी आधी कॅबिनेट उघडून हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) पाहावे. आपल्याकडे कूलरसाठी खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. त्यातून येणारी धूळ दमट हवेमुळे चिकटते आणि पंख्याखाली, हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडाशी, राखाडी नमद्यासारखा थर बसतो. वरून पाहताना पंख्यामुळे तो दिसतच नाही, म्हणून पंखा काढूनच पाहावे. वीजजोडणी पूर्ण काढून, कॅबिनेट गच्चीवर नेऊन, मऊ ब्रश आणि ब्लोअरने साफसफाई करावी. मात्र ब्लोअर मारताना प्रत्येक पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, अन्यथा ती भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकते. हीटसिंक उचललेच, तर त्याच्या व प्रोसेसरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावणे आवश्यक आहे.

उत्तर (प्रतापनगर)

वरील सल्ला योग्यच आहे. त्यात बायोसची (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जची) भर घालतो. आवाज वेगाच्या मानाने फार झपाट्याने बदलतो: पंख्याचा वेग निम्मा केल्यास आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. कानाला 10 डेसिबलची घट सुमारे निम्मी वाटते, हे लक्षात घेतले की वेगातील थोड्याशा कपातीचेही मोल कळते. बायोसमध्ये पंख्याचा वेग आणि तापमान यांचा आलेख असतो. त्यातला चढ 70 अंशांपर्यंत सौम्य ठेवावा आणि वेग बदलण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची सोय असल्यास ती चालू करावी, म्हणजे क्षणिक भाराने होणारी चढउतार थांबते; एकसुरी आवाजापेक्षा हा चढउतार कानाला अधिक खुपतो. चार पिनांच्या पंख्याला पीडब्ल्यूएम (विजेच्या स्पंदनांनी वेग ठरवण्याची पद्धत) आणि तीन पिनांच्या पंख्याला व्होल्टेज नियंत्रण निवडावे. चुकीची निवड असेल, तर तीन पिनांचा पंखा सदैव पूर्ण वेगाने फिरत राहतो.

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 99 टक्के केल्यास बहुतेक संगणकांत टर्बो (गरजेनुसार प्रोसेसरचा वेग आपोआप वाढवणारी सोय) बंद होतो आणि उष्णता लक्षणीय घटते. ध्वनिमुद्रणाला टर्बोची गरज नसते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पंखा काढल्यावर तसा थर खरोखरच दिसला. स्वच्छता आणि बायोसमधील बदलांनंतर घोंघावणे बरेच उतरले आहे, पण आता एक बारीक करकर वेगळी ऐकू येते आणि ती बहुधा एसएमपीएसमधून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) येते. तो उघडून त्यात तेल सोडावे का?

उत्तर (धरमपेठ)

एसएमपीएस कृपया उघडू नये. त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीजजोडणी काढल्यानंतरही घातक भार शिल्लक राहू शकतो. करकर त्याच्याच पंख्याच्या बेअरिंगची असेल, तर तेलाचा गुण फार टिकत नाही. चांगल्या प्रतीचा नवा एसएमपीएस घेणे हिताचे. मात्र आधी कॅबिनेटचा पंखा क्षणभर जोडणी काढून थांबवावा आणि करकर तरीही येते का, याची खात्री करावी. ती कॅबिनेटच्याच पंख्याची निघाली, तर फक्त तो बदलावा. जागा असल्यास 80 मिलिमीटरऐवजी 120 मिलिमीटरचा घ्यावा: क्षेत्रफळ सव्वादोनपट असल्याने तेवढीच हवा तो बऱ्याच कमी वेगात खेचतो.

उत्तर (प्रतापनगर)

सर, मायक्रोफोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या) प्रकारचा असेल, तर त्याची पाठ कॅबिनेटकडे करावी, कारण त्या बाजूचा आवाज तो सर्वांत कमी टिपतो. कॅबिनेट टेबलावर असल्यास खाली, पण भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे, म्हणजे मागून निघणारी गरम हवा कोंडणार नाही. खोलीतला कूलर ध्वनिमुद्रणाच्या बराच आधीपासून चालवून खोली गार करून घ्यावी; मात्र त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये, पाण्याचे तुषार आत जाऊ शकतात.