शेतभेट: ४० मुलं, तीन तास, काय करून घ्यावं?

पाटीपेन्सिल: सहावीच्या ४० मुलांना शेतावर न्यायचं आहे. हाताशी तीन तास. चवळी फुलोऱ्यात आहे, भोपळ्याचे वेल आहेत आणि एक तुकडा नांगरून मोकळा ठेवलाय. 'हे अमुक पीक, ते तमुक' असं दाखवत फिरवायचं नाहीये. मुलांनी स्वतः करावं असं काय ठेवू? आणि फसतं कुठे?

खुरपं: तीनच कामं ठेवा. चौथं घातलंत की एकही धड होत नाही. १३-१४ मुलांचे तीन गट, गटामागे दोन मोठी माणसं, एका कामाला ४० मिनिटं. उरलेला तास बदलाबदली, पाणी आणि हात धुण्यात जातोच.

चवळीचं झाड उपटू देऊ नका, मुळांवरच्या गाठी तुटून मातीतच राहतात. खोडापासून वीतभर अंतर सोडून कुदळीने वीतभर खोल खणायचं, ढेकळासकट उचलून बादलीतल्या पाण्यात भिजत ठेवायचं आणि माती आपोआप सुटू द्यायची. मग मुळावरची गाठ नखाने फोडायची. आत गुलाबी-लाल असेल तर ती हवेतलं नत्र बांधतेय. पांढरी असेल तर अजून कामाला लागलेली नाही, हिरवट-तपकिरी म्हणजे थकलेली. शेजारचं एखादं गवतही खणून बघा, तिथे या गाठी दिसत नाहीत. सूत्रकृमी म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींमुळे होणाऱ्या गाठींशी मात्र गल्लत होते. त्यात मूळच सुजलेलं असतं. नत्राची गाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते आणि सहज सुटते.

मोकळ्या तुकड्यावर एकाच पिकाचं बी तीन ओळींत टोकायला द्या: १, ३ आणि ८ सेंटीमीटर खोल. काडीवर खुणा करून द्या, नाहीतर मुलं बोट जाईल तितकं खोल पुरतात आणि वरून माती थापटतात. जमीन वाफशावर हवी: मुठीत दाबली की गोळा व्हावा, बोटाने टोचला की फुटावा.

वेलमांडव: भोपळ्याचं काम सकाळीच उरकावं लागेल. फुलं पहाटे उमलतात आणि ऊन चढलं की मिटायला लागतात. त्यामुळे सातला सुरुवात करा.

आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या, पिवळ्या पडलेल्या नर-मादी कळ्यांची टोकं दोऱ्याने बांधून ठेवा. हे टाळलंत तर फळ मुलांमुळे धरलं की मधमाशीमुळे, ते कळणार नाही. मादी फुलाखाली इवलासा भोपळा असतो, नराला नुसता लांब देठ. नराच्या पाकळ्या सोलून पुंकेसर (मधला परागाचा दांडा) मादीच्या कुक्षीवर (फुलाच्या मधल्या चिकट टोकावर) सगळ्या बाजूंनी फिरवायचा. एकाच बाजूला लागला तर फळ वाकडं होण्याची शक्यता. मग मादी फूल पुन्हा बांधून देठाला रंगीत दोरा. धरलं असेल तर आठवड्याभरात फुगतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. वेलावर आधी नुसती नर फुलंच येतात, म्हणून मादी कळ्या किती आहेत ते दोन दिवस आधी मोजून ठेवा.

बांधावरून: फवारणी कधी झाली ते आधी विचारा. फवारणीनंतर किती काळ शेतात शिरू नये हे औषधाच्या लेबलवर असतं, आणि मुलांसाठी त्याहून जास्त अंतर ठेवावं. विहीर, मोटारीची वायर, ट्रॅक्टर या तिन्हींपाशी दोरी बांधा आणि ट्रॅक्टरची चावी काढून घ्या. हात साबणानेच धुवायचे. मातीने माखलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही. मधमाशीच्या डंखाची अ‍ॅलर्जी कोणाला आहे ते पालकांकडून लेखी घ्या. अशा मुलांना फुलांच्या कामाला लावू नका.

पाटीपेन्सिल: शेतकरीदादा म्हणाले, चवळीला युरिया दिलाय. मग गाठींचं काम सोडून द्यावं का?

खुरपं: उलट, आता ते जास्त चांगलं होईल. आयतं नत्र मिळालं की झाड गाठी कमी धरतं. बांधालगत खत न पोचलेली झाडं मिळतील. दोन्हीकडची पाच-पाच खणा, गाठी मोजून कागदावर लिहायला लावा, आणि फरक का पडला ते आधी त्यांनाच विचारा. युरियाचं नाव त्यानंतर काढा.